पायाला दिलेली तारीख

माझ्या डाव्या पायाला गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने काही कळत नाही. पोटरीच्या कडेपासून करंगळीपर्यंत एक पट्टा आहे. तिथे काटा मोडला तर तो डोळ्यांना दिसेपर्यंत मला पत्ता नसतो. आणि त्याच पट्ट्याच्या आतून कळ येते. ज्या जागेला काही जाणवत नाही तीच जागा जळते, हे मी आयुष्यात पुष्कळांना सांगितलं आणि पुष्कळांनी मान डोलावली. मान डोलावण्याच्या बाबतीत आमच्याकडची माणसं उदार आहेत.

कळ रोज सारखी असती तर निभलं असतं. गावात एक जन्माचा लंगडा होता, एक आंधळा होता. त्यांची कामं ठरलेली होती आणि त्यांच्याबद्दलची मतंही. माझ्याबद्दल कोणी मत बनवायला घेतलं की दुसऱ्या दिवशी पाय ते मोडून टाकी. सोमवारी मी विहिरीवर मोटेशी उभा दिसे, आणि मंगळवारी धोतराचा काठ पोटरीला लागला तरी दात आवळून बसलेला. बघणाऱ्याला यातला एक दिवस खरा आणि एक खोटा वाटणं साहजिक होतं. बहुतेकांनी सोमवार खरा धरला.

पाय असा झाला तो दुसऱ्या महायुद्धात. आमच्या घराण्यात घरटी एक माणूस पलटणीत जायची रीत होती. थोरला भाऊ उसाला आणि मी पलटणीला, अशी वाटणी वडिलांनी जाण्याआधीच करून ठेवली होती. मी साताऱ्यात राहून मॅट्रिक झालेला, म्हणून पलटणीने मला बंदुकीऐवजी टाइपरायटर दिला. आसामच्या पलीकडच्या डोंगरात एका वळणावर आमची लॉरी कलंडली आणि कचेरीच्या लोखंडी पेट्या माझ्या पायावर आल्या. शत्रूची आणि माझी गाठ पडली नाही. हाड जुळलं, जखम भरली, आणि मला लांबलचक रजा देऊन घरी पाठवलं.

घर कडेगावच्या अलीकडे. फाट्यावर हलगी आणि घोडा घेऊन माणसं उभी होती. घोड्यावर बसल्यावर पाय लोंबकळतो, आणि लोंबकळणारा पाय कसा जळतो हे हलगीवाल्याला सांगण्याची सोय नव्हती. मला वेशीपासून देवळापर्यंत मिरवलं. शाळेच्या हेडमास्तरांनी भाषण केलं, त्यात मी देशोदेशीच्या भूमीवर रक्त सांडल्याचा उल्लेख तीनदा आला. खरं तर शाई सांडली होती. पेटीतल्या बाटल्या फुटल्या होत्या. एकदोघांना मी खाजगीत तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मग सोडून दिलं, आणि पायाला गोळी लागली ती लागलीच.

तो काळ असा की आमच्या भागात दिवसा इंग्रजांचं सरकार असे आणि दिवे लागल्यावर भूमिगतांचं. दोन्हींपैकी कोणालाही माझ्या पायात रस नाही, अशी माझी समजूत होती. ती पुढे चुकीची निघाली.

घरात पायाबद्दल प्रत्येकाचा सिद्धांत होता. दादा अमावास्या-पौर्णिमेवर होता. वहिनी वांग्यावर होत्या. मी वांगं खाल्लं की दुसऱ्या दिवशी ठणका, हे त्यांनी ताडून घरात वांगं बंद केलं होतं, आणि न खाता ठणका आला तेव्हा मी शेजारी जाऊन खाल्लं असणार असं त्यांचं मत पडलं. शेजारी वाऱ्याला दोष देत. मी थोडंफार वाचलेला माणूस, तेव्हा मी कोणताच सिद्धांत न धरता सगळे तपासून पाहिले. सगळे काही दिवस खरे ठरत आणि मग खोटे. माझ्या बायकोला सिद्धांत नव्हता. ती सकाळी चहा देताना माझ्या तोंडाकडे बघे आणि दिवस कोणता आहे ते तिला कळे.

शेवटी दादाने मला सांगलीला नेलं. तिथे एक मोठे डॉक्टर होते, विलायतेहून आलेले. त्यांच्या खोलीत भिंतीवर इतक्या पदव्या टांगल्या होत्या की खिडकीला जागा उरली नव्हती. त्यांच्याविषयी मला फारसा आदर वाटू नये अशी सगळी व्यवस्था त्यांनी केली होती. पण माणूस बोलायला लागल्यावर सरळ निघाला.

"नस तुटलेली नाही, चेंगरली आहे," ते म्हणाले. "तुटली असती तर गप्प बसली असती. अर्धी मेली, अर्धी जगली. जगलेला भाग बावचळलेला आहे. बारीकसारीक गोष्टीला आग लागल्यासारखा ओरडतो, आणि कधी काहीच नसताना ओरडतो."

"पर रोज का न्हाई वरडत?" दादाने विचारलं.

"थंडी पडली की ओरडेल. झोप मोडली की ओरडेल. जास्त चालले, काळजी केली, अंगात कसर आली, तरी ओरडेल. आणि यातलं आज केलेलं आजच लागू पडेल असंही नाही. कालचं चालणं आज बाधतं, परवाचं जागरण आज बाधतं. चारपाच गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि पायात एकच कळ होऊन येतात. त्यातली कुठली कोणाची, हे वेगळं काढता येत नाही. बरा दिवस आला की माणूस चार दिवसांचं काम उरकून घेतो, आणि त्याने पुढचे चार दिवस घालवतो. हे मात्र तुम्ही नक्की करत असाल."

मी करत होतो.

"म्हंजी कवा दुखंल ते सांगता यीत न्हाई?" दादा म्हणाला.

"नाही."

"आन कवा ऱ्हाईल?"

"तेही नाही."

दादा उठला, टोपी घातली आणि नमस्कार केला. निघताना डॉक्टरांनी सहज टाचणी घेऊन माझ्या पायाच्या कडेला टोचली. मी दादाकडे बघत होतो, मला कळलं नाही. "ही बधिरी मात्र अशीच राहील," डॉक्टर म्हणाले. "ती रोज बदलणार नाही." आम्ही ते ऐकलं न ऐकलं. बधिरी दुखत नव्हती, तेव्हा तिच्यासाठी कोणी सांगलीला आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर दादा एवढंच बोलला, "भितीवर येवढी कागदं लावून त्येला जे म्हायत न्हाई, ते आपल्याला फुकटात म्हायत नव्हतं."

ऊसतोडीचे दिवस आले आणि लष्कराचं पत्र आलं. पौष संपताना साताऱ्याच्या कॅम्पात बोर्ड बसणार होतं. डॉक्टरांचं बोर्ड. ते मला तपासून ठरवणार: पाय चालण्याजोगा असला तर 'ए', म्हणजे पुन्हा आसाम, नसला तर पलटणीतून कायमची सुटी.

मला पुन्हा जायचं नव्हतं. याचं कारण घरात मी एकदाच सांगितलं आणि ते दादाने पुन्हा काढू दिलं नाही. माझा पाय धड होता तेव्हा, मागे हटताना आमच्याबरोबर एक माणूस होता. त्याचा पाय चांगला चालत असे, आणि एका सकाळी तो चालेना. दुपारपर्यंत आम्ही त्याला धरून आणलं. मग एका झाडाखाली बसवलं, पाण्याची बाटली दिली, मागून गाडी येते आहे असं सांगितलं. मागून गाडी येत नव्हती हे त्यालाही माहीत होतं. त्याने बाटली घेतली आणि बूट सैल केले. त्याचा पाय मोडला नव्हता, फक्त त्या दिवशी चालला नाही. माझाही पाय तसाच झाला आहे, हे मला हॉस्पिटलात पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कळलं तेव्हा काही वाटल्याचं आठवत नाही. त्या वर्षभरात एकूणच काही वाटल्याचं फारसं आठवत नाही.

"आन त्या दिवशी चांगला दिस निघाला तर?" पत्र वाचून झाल्यावर दादा म्हणाला.

हीच गोष्ट होती. दहांतले सहा-सात दिवस मी घराच्या उंबऱ्यापलीकडे जाऊ शकत नव्हतो, पण बोर्ड एक सकाळ बघणार होतं. आम्हाला खोटं बोलायचं नव्हतं. खरं होतं ते दिलेल्या तारखेला हजर राहावं, एवढीच इच्छा होती.

दादा वस्तादांकडे गेला. वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे. साठीच्या घरातले, कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. आमच्याकडे कुस्तीच्या वस्तादाला जो मान आहे तो डॉक्टरला नाही, आणि त्याला कारण आहे: वस्ताद तारखेला माणूस देतो. चैत्रातल्या जत्रेला पोरगं उतरवायचं तर दोन महिने आधीपासून त्याचा खुराक, मेहनत, झोप अशी बसवायची की अंग नेमकं त्याच दिवशी पेटलं पाहिजे. आदल्या दिवशी पेटलं तर उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी पेटलं तर हसं. दादाच्या मनात सरळ हिशेब होता. जो माणूस तारखेला अंग चढवू शकतो, तो तारखेला पाय उतरवू शकेल.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझी पोटरी बैलाची पारख करतात तशी चेपून पाहिली.

"चढवायचं आमाला म्हायत हाय," ते म्हणाले. "उतरवायचं म्हंजी त्येच उलटं करायचं. त्यात काय हाय?"

"सांगलीचा डॉक्टर म्हणला, तारीख सांगता यीत न्हाई," दादा म्हणाला.

"त्यो कुस्ती धरतो का?"

"न्हाई."

"मग."

आणि दुसऱ्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. पैलवानाला दूध-तूप, तर मला शिळी भाकरी आणि गार ताक. पैलवानाला मालिश, तर माझ्या पायाला तेल बंद. पैलवानाला दुपारची झोप, तर मी जेवलो की वस्ताद दारात हजर: "उठा, कारकून. चला उसात." उसाला पाणी चालू असे, त्या गार चिखलातून मला बांधापर्यंत चालवत आणि परत आणत. पहाटेच्या गारठ्यात विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून बसवत. काळजीनेही पाय बिघडतो असं डॉक्टर म्हणाले होते. ती बाजू वस्तादांनी स्वतः सांभाळली. चालता चालता ते मला टाकून बोलत.

"टायपरायटर अंगावर पडून घायाळ झाल्याला शिपाई मी हयातीत बघितला न्हवता."

"पेटी होती, वस्ताद."

"पेटी. आजून वाईट. काय रं, राग यीतोय का?"

"नाही."

"आला पायजे. परयत्न कर."

राग येत नव्हता. मी तसं प्रामाणिकपणे सांगितल्यावर ते खिन्न झाले. एवढा थंड गडी तालमीत आला असता तर दोन दिवसांत हाकलला असता, असं म्हणाले.

वस्ताद कच्चं काम करणारे नव्हते. त्यांनी आधी एक रंगीत तालीम ठरवली: कडेगावच्या बाजाराच्या दिवशी पाय जळला पाहिजे. बाजाराच्या दिवशी पाय शांत राहिला. इतका शांत, की मी बाजारात जाऊन तंबाखू आणली. दुसऱ्या दिवशी पांघरूण सहन होईना.

"एक दिस म्होरं सरकतंय," वस्तादांनी निदान केलं. "आपुन एक दिस आगुदर धरू."

पुढच्या बाजाराला एक दिवस आधी धरलं. पाय त्याच दिवशी पेटला आणि बाजाराला विझला. त्याच्या पुढच्या खेपेला काही न करता पेटला. वस्तादांनी पुष्कळ पोरं हाताळली होती. काही हट्टी, काही आळशी. पण ज्याच्यावर मेहनत लागतही नाही आणि फुकटही जात नाही, असा गडी त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. ते पायाशी बोलू लागले. माझ्याशी बोलत त्यापेक्षा आदराने बोलत.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. गुऱ्हाळ सुरू झालं होतं. दुपारी दादा आणि बाकीची पुरुष माणसं काहिलीवर असत. वस्ताद मला चिखलातून फिरवून घरी सोडत आणि गरम गूळ खायला तिकडे निघून जात. मी गोठ्याच्या पडवीत आडवा होई. तेवढ्या वेळात माझी बायको चुलीतून वीट काढून आणी, फडक्यात गुंडाळी आणि माझ्या पायाला शेक देई.

पायाला वीट किती ऊन लागते हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघे. मग पोटरीला, मग खाली. शेकाने कळ उतरे. रोज नाही, पण बऱ्याचदा उतरे. ती उतरली की पहिल्यांदा जबडा सैल होई.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "वस्तादांनी गारच ठेवायला सांगितलंय."

"सांगू द्यात."

"त्या दिवशी पाय बरा निघाला तर मला पुन्हा पाठवतील."

"ठावं हाय मला."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. ती वीट फिरवून दुसऱ्या बाजूने लावत होती.

"मग?"

"मग काय? आवं, आत्ता दुखतंय न्हवं?"

आमच्या लग्नाला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती आणि त्यातला बराच काळ मी पलटणीत होतो. ती माझ्याशी जास्त बोलत नसे. मी परत गेलो तर काय, हे ती माझ्याइतकंच जाणून होती. त्या झाडाखालच्या माणसाची गोष्ट मी सांगितली तेव्हा ती दाराआड ज्वारी पाखडत होती आणि सुपाचा आवाज थांबला होता. तरी रोज दुपारी वीट येई. वस्ताद जे बिघडवत ते दुपारी ती दुरुस्त करी, आणि दोघंही मलाच वाचवत होते.

निघायच्या दिवशी दुपारी घाई होती. गाडी जुंपलेली, दादा हाका मारतोय. तिने वीट आणली, मनगटाला लावून पाहिली, "आज चांगली धग हाय," म्हणाली, आणि नेहमीपेक्षा दाबून धरली. मग मी पलटणीचे लांब मोजे चढवले, बूट घातले आणि गाडीत बसलो.

बरोबर दादा होता आणि वस्तादही होते. पैलवानाबरोबर जत्रेला जातात तसे ते कोरा फेटा बांधून आले होते. आगगाडीत त्यांनी मला बसू दिलं नाही. सातारा रोडला उतरून पुढे कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार होती. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. चढ आला की ती थांबे आणि ड्रायव्हर मागच्या शेगडीत कोळसा घाली. प्रत्येक थांब्यावर वस्तादांनी मला खाली उतरवून चढ चालवला. मुक्कामाला दादाच्या ओळखीच्या घरी जमिनीवर घोंगडी टाकून, दाराच्या फटीसमोर झोपवलं. बूट काढू का, असं मी विचारलं. "न्हाई. आवळलेलंच ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले.

सकाळी पाय शांत होता.

अशी शांतता मला महिन्यात एकदोनदा लाभे. पाय आहे याची आठवणच नसते. कॅम्पातल्या चिंचेखाली वस्तादांनी मला खडीवरून फेऱ्या मारायला लावल्या. दादा प्रत्येक फेरीला विचारी, "काय रं?" आणि मी मान हलवी. दोन शिपाई बघत उभे राहिले. "कुठल्या मैदानाला?" त्यांनी वस्तादांना विचारलं. वस्तादांनी मला आणखी एक फेरी घालायला लावली. दादाच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. मी त्याच्याकडे बघून, त्याच्यासाठी, पाय जळावा अशी इच्छा केली. आयुष्यात पहिली आणि शेवटचीच. पायाने ऐकलं नाही.

बोर्ड एका बंगल्याच्या दिवाणखान्यात भरलं होतं. दारावर लाल पट्टा लावलेला चपराशी. टेबलावर हिरवी बनात. बनातीवर घंटा, दौत, आणि कशासाठी कोण जाणे, पितळेची छोटी तोफ. मागे तीन डॉक्टर. मधे एक गोरा कर्नल, उजवीकडे एक तरुण बंगाली, आणि डावीकडे एक जण, जे तिघं असावेत असा नियम असल्यामुळे आलेले दिसत होते.

कर्नलने चालायला सांगितलं. मी चाललो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खालच्या जाजमावरचं एक फूलसुद्धा न चुकवता.

"दुखणं कुठे आहे?"

"आज नाही, साहेब."

"काल?"

"काल होतं."

"उद्या?"

"सांगता येत नाही."

कर्नल हसला. हसणं दुष्टपणाचं नव्हतं. असली दुखणी त्याने पुष्कळ पाहिली असणार. आसामची गाडी सुटायच्या आदल्या दिवशी येणारी. त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. थंडी, झोप, कालचं चालणं, परवाची काळजी, हे सांगलीचं सगळं व्याख्यान माझ्या जिभेवर होतं आणि त्या खोलीत ते बोलून दाखवणं किती हास्यास्पद झालं असतं हे मला कळत होतं. कर्नलने लेखणी दौतीत बुडवली. मला झाड आठवलं. बूट सैल करणारा हात आठवला. तरी काही वाटलं नाही. फक्त जाजमावरच्या फुलांचे रंग जास्त स्पष्ट दिसायला लागले.

बंगाली डॉक्टर म्हणाला, "बूट आणि मोजा काढा."

मी काढला. तो एका जागी पायाला चिकटला होता. घोट्याच्या वर, कडेला, रुपयाएवढा फोड फुटून कातडी सोलली होती. आत लाल होतं आणि मोज्याचे धागे रुतले होते.

"हे केव्हा भाजलं?" त्याने विचारलं.

मी वाकून बघत होतो. मीही ते पहिल्यांदाच बघत होतो. बघताना तोंडावर जे आलं असेल ते शिकवून आणता येत नाही.

"माहीत नाही, साहेब," मी म्हणालो.

तो उठून टेबलाच्या अलीकडे आला. टाचणी मागवली, मला डोळे मिटायला सांगितलं आणि फोडाच्या भोवती टोचत गेला. "आता?" मी गप्प. "आता?" मी गप्प. करंगळी, घोटा, पोटरीची कड. मग फीत घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी बारीक होती. तिसऱ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजीत थोडं बोलणं झालं. ज्या शिपायाला पायात विस्तव शिरला तरी कळत नाही, तो बुटातला खडा तरी कसा ओळखणार, पाय सडून जाईल, असा त्या बोलण्याचा रोख होता. कर्नलने लेखणी पुसून पुन्हा बुडवली.

दुखतं म्हणून जे सांगितलं ते कोणी धरलं नाही. न दुखलेलं धरलं. मी पलटणीतून सुटलो.

बाहेर येऊन दादाला सांगितलं. तो चिंचेखालीच खाली बसला आणि बराच वेळ उपरण्याच्या टोकाने तोंड पुसत राहिला. मी त्याला फोडाचं सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, टाचणी टोचली, कळली नाही. वस्तादांनी मूठ मांडीवर मारली.

"मेहनत कवा वाया जात न्हाई," ते म्हणाले. "आतनं उतरवत आणला व्हता त्येला मी."

परत येताना सातारा रोडच्या फलाटावर कळ आली. पोटरीतून खाली तापलेली तार ओढावी तशी. मी बाकाची कड धरली. वस्तादांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत मी त्या सबंध प्रकरणातला एकमेव निर्भेळ आनंद पाहिला.

"आला," ते दादाला म्हणाले. "सांगत नव्हतो? निस्ता येक दिस उशीर."

पुढे कित्येक वर्षं त्यांनी ही गोष्ट तालमीत सांगितली. लोक ऐकत. त्यांच्या सांगण्यात बोर्डापुढे मी दोन माणसांच्या खांद्यावर होतो. मी काही दुरुस्त केलं नाही. गोळीसारखंच.

घरी पोचल्यावर बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. मी मोजा काढला. ती तांब्या घेऊन उभी होती. तिने पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला.

"ह्ये मी केलं," ती म्हणाली.

"त्याच्यामुळेच सुटलो." मी तिला सगळं सांगितलं, मोजा, बंगाली डॉक्टर, टाचणी. तो फोड नसता तर आज मी आसामच्या गाडीत असतो, हेही सांगितलं. बोलता बोलता मला वाटलं, हिला बरं वाटेल. ती ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. स्वतःचं मनगट उलटंसुलटं करून बघत होती. चुलीपुढे वर्षानुवर्षं भाजून पक्कं झालेलं मनगट. त्याला जे सोसवलं ते माझ्या कातडीला सोसवलं नव्हतं, आणि कातडीने तक्रार केली नव्हती.

"मनगटाला लावून बघितली व्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"लई ऊन लागली न्हाई मला."

त्यानंतर तिने वीट आणली नाही. मी एकदोनदा म्हटलं, कमी तापव, मी डोळ्यांनी बघत राहीन. तिने मानेनेच नाही म्हटलं. कळ डोळ्यांना दिसत नाही आणि धगही दिसत नाही, हे तिला आता पक्कं कळलं होतं. घरात वांगं पुन्हा सुरू झालं. माझ्या बऱ्या दिवशी शेजारचे म्हणत, आता काय, सुटला की हा. वाईट दिवशी काही म्हणत नसत, कारण वाईट दिवशी मी दिसत नसे.

वाईट दिवशी दुपारी ती पडवीत येऊन बसे. हात पदराला पुसून, दोन्ही तळवे पोटरीभोवती धरून. तळव्याची ऊब तेवढीच. मला ती वरून जाणवत नसे. हात लागलेत हे बघून कळे. आतली कळ त्याने उतरते का, असं तिने एकदा विचारलं.

काही दिवस उतरते, मी सांगितलं. काही दिवस नाही.

तिने हात काढले नाहीत.